कोपरातला कापूस

स्टाफ मीटिंग चालू असताना मी फोन घ्यायला दहा मिनिटं बाहेर गेले आणि परत आले तेव्हा मुलींच्या फुटबॉल संघाची जबाबदारी माझ्या नावावर लागलेली होती. आमच्या जळगावच्या कॉलेजात क्रीडाशिक्षकाची जागा बरीच वर्षं रिकामी आहे, आणि जो समोर नाही त्याच्या गळ्यात काम घालायची पद्धतही तितकीच जुनी. मी गणित शिकवते. चेंडू गोल असतो, एवढंच मला फुटबॉलबद्दल खात्रीनं सांगता आलं असतं.

संघाचं ते पहिलंच वर्ष. मुली तेरा, सामने पाच. पहिला सामना आम्ही चार-शून्यनं हरलो, दुसरा पाच-शून्यनं. तिसरा धुळ्याला होता. त्याच्या दोन दिवस आधी प्राचार्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं कागदावर लागतं. ते म्हणाले, "उरलेल्या सामन्यांत आपल्याला कितपत संधी आहे, ते एका पानात लिहून द्या. संधीच नसेल तर धुळ्यानंतरच्या गाड्या कशाला सांगायच्या?"

मी घरी बसून हिशोब मांडला. उरलेले तिन्ही सामने जिंकलो, तरच पुढच्या फेरीचं नाव काढता येत होतं. आणि नऊ गोल खाल्लेले. गणितवाल्या माणसाला नऊ गोल दिसले की ते कुठून गेले हे तो बघतो, आणि ते सगळे अर्थातच एकाच मुलीच्या शेजारून गेलेले होते.

आमची गोलकीपर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, वर्गात सगळ्यांत उंच. सरावाच्या पहिल्या महिन्यात ती चेंडूवर अशी झेपावायची की मीच डोळे मिटून घ्यायचे. आमचं मैदान सगळं मुरमाचं, त्यामुळे तिची कोपरं कायम सोललेली. पण सामने सुरू झाले आणि तिचं ते झेपावणं गेलं. चेंडू यायचा आणि ही वळेपर्यंत जाळीत जाऊन पडायचा. मला वाटलं, पोरगी घाबरली. सामन्यांना जर्सीच्या आत ती कोपरांना, गुडघ्यांना आणि कमरेला घरी शिवलेल्या जाड पट्ट्या बांधायची. वडिलांचं गाद्या-उशा भरायचं दुकान, त्यांनीच लेकीसाठी शिवलेल्या. मुली तिला चिडवायच्या, "आली आमची लोड-तक्क्या." तीही हसायची. गोलकीपर असंच काहीतरी बांधत असतील, असं मी धरून चालले.

प्राचार्यांच्या कागदावर मी लिहिलं, 'गोलकीपर बदलल्यास थोडी संधी.' धुळ्याच्या यादीत तिचं नाव खोडून राखीव मुलींत घातलं. तिला ते सांगायचा धीर मात्र मला झाला नाही. धुळ्यात पोचल्यावर सांगू, असं स्वतःला समजावलं.

सकाळी कॉलेजच्या फाटकाशी गाडी उभी राहिली, तर तिच्याबरोबर तिचे वडील. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर मोठा रुमाल, हातात सगळ्या मुलींना पुरेल एवढा डबा. मला म्हणाले, "मॅडम, आज दुकान बंद शे. पोरले खेळतांना कधी देखं नही." मी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. पारोळा येईपर्यंत मी पर्स घट्ट धरून बसले होते, कारण यादी तिच्यात होती. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा ती बाहेर काढली आणि खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. बापासमोर तिला बाहेर बसवणं मला जमणार नव्हतं. फुटबॉलच्या दृष्टीनं हा निर्णय चुकीचा आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

पहिल्या अर्ध्यात आमच्यावर दोन गोल झाले. दुसरा तर इतका सावकाश आला की धुळ्याच्या मुलीही जरा ओशाळल्या. मी वडिलांकडे बघायचं टाळत होते. ते मात्र जागेवर नव्हतेच. दोरीच्या कडेकडेनं चालत ते गोलच्या मागे जाऊन उभे राहिले होते आणि चेंडूकडे न बघता लेकीच्या कोपराकडे बघत होते.

मध्यंतराची शिट्टी झाली तसे ते सरळ तिच्याजवळ गेले. तिला खाली बसवलं, बाही वर केली आणि पट्टी दोन बोटांत दाबून पाहिली. मी पोचले तेव्हा ते माझ्याकडे न बघताच बोलत होते. "मन्हीच चूक शे, मॅडम. मी गादी भरी टाकी. पोरले आठे झोपनं थोडंच शे."

चांगली गादी गच्च भरायची, म्हणजे वर्षानुवर्षं बसत नाही, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. लेकीचं कोपर सोललं म्हणून त्यांनी दुकानातला उत्तम कापूस घेऊन तसाच गच्च भरला होता. तिचा हात अर्ध्यावरच अडत होता, कमरेतून तर तिला वळताच येत नव्हतं. त्यांना हे अर्ध्या सामन्यात दिसलं. मला दोन सामन्यांत दिसलं नव्हतं. मी नऊ गोल मोजले होते, तिचा हात एकदाही हातात घेऊन पाहिला नव्हता. मला माझी लाज वाटली.

"तू सांगितलं का नाहीस?" मी तिला विचारलं.

"अब्बांनी शिवलेलं होतं, मॅडम," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून दाभण काढलं आणि एकेक टाका उसवत कापूस बाहेर ओढायला सुरुवात केली. मुली भोवती उभ्या होत्या, कुणीही चिडवलं नाही. कमरेची पट्टी उसवताना ती म्हणाली, "अब्बा, बठ्ठा नका काढू. थोडा राहू द्या." त्यांनी थोडा ठेवला, बाकीचा रुमालात बांधला आणि मैदानावर पडलेले पुंजकेही वेचून घेतले.

दुसऱ्या अर्ध्यात ती पुन्हा झेपावली. मी डोळे मिटले नाहीत. धुळ्याच्या मुलींनी पाच-सहा वेळा तरी चेंडू मारला, एकही आत गेला नाही. आम्ही एक गोल केला आणि एक-दोननं हरलो. म्हणजे पुढची फेरी संपली. आता उरलेले दोन्ही सामने कितीही गोलांनी जिंकलो, तरी उपयोग नव्हता.

परतीच्या गाडीत वडील रुमालाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. एरंडोलजवळ त्यांनी मागे वळून विचारलं, "मॅडम, पुढनी मॅच कव्हा शे?"

"शनिवारी," मी म्हणाले. "पाचोऱ्याला."

दुसऱ्या दिवशी मी नवा कागद लिहून प्राचार्यांसमोर ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या. गोलकीपर बदलायची गरज नाही. पाचोऱ्याच्या गाडीला परवानगी मिळावी.

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे संधी आहे?"

"नाही सर, अजिबात नाही," मी म्हणाले. "पण तिचे वडील शनिवारीही दुकान बंद ठेवणार आहेत."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.