मागची कड

भाचा एकच, पण आत्या मात्र अख्ख्या गल्लीची. कुणाच्या खिडकीची काच तडकली, कुणाच्या दुकानाचं दार खडखडायला लागलं, की हाक आत्यालाच. बसदुरुस्तीच्या कारखान्यात तीस वर्षं काचा बसवून ती निवृत्त झाली होती. तिथे तिला ‘पक्की’ म्हणत. पक्कीने बसवलेली काच हलत नाही, असं सगळे म्हणायचे आणि ती म्हणू द्यायची. स्वभाव तापट. माप चुकवून येणाऱ्याला आधी चार शब्द सुनवायची, मगच काच कापायची.

भाच्याला गाड्यांच्या शर्यतींचं वेड. गॅरेजात त्याने एक जुनी छोटी गाडी शर्यतीसाठी उभी केली होती. आतलं सगळं काढून टाकलेलं. एक सीट, लोखंडी पिंजरा आणि बाजूच्या खिडक्यांना काचांऐवजी नुसती जाळी. शर्यतीत ते ठीक होतं, पण शर्यतीपर्यंत ही गाडी न्यायची ती ट्रेलरवर चढवून, दुसऱ्या गाडीमागे ओढत. आजवर एका मित्राचा बंद ट्रेलर मिळायचा. मित्र परगावी गेला, त्याच्याबरोबर ट्रेलरही गेला. आता उरला उघडा ट्रेलर, म्हणजे दोन पत्र्याच्या पट्ट्या आणि वर आभाळ. मागच्या महिन्यात त्याच्यावरून चार तास गाडी नेली, तर आत बोटभर धूळ, सीटमध्ये पाण्याचं तळं आणि उघड्या खिडक्यांतून घुसलेल्या वाऱ्याने पुढची मोठी काच आतून ढकलून सैल केलेली.

“आत्या, काढता-घालता येतील अशा खिडक्या करून दे,” भाचा म्हणाला. “पोचल्यावर दोन मिनिटांत निघाल्या पाहिजेत.”

“दीड मिनिटात काढशील. पण मी बसवलेल्या आहेत, आपणहून निघायच्या नाहीत. माझं नाव काय आहे?”

“पक्की,” भाचा हसत म्हणाला.

तीन दिवस ती गॅरेजात होती. आधी पुठ्ठ्याचा साचा कापला, तो दारावर धरून चार वेळा तासला. मग न फुटणाऱ्या जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन खिडक्या कापल्या. उन्हात प्लास्टिक फुगतं, म्हणून भोकं पेचापेक्षा जराशी मोठी पाडली. पेचही खास आणवलेले, पाव फेरी फिरवली की अडकणारे आणि पाव फेरी उलटी फिरवली की सुटणारे. खिडकीची पुढची कड दाराच्या चौकटीच्या आत खोचली, मागची कड चौकटीवर टेकवून तीन पेचांनी धरली. कौलं घालतात तसंच हे. वारा वरून घसरून गेला पाहिजे, फटीत शिरला नाही पाहिजे. गाडी पुढे जाते, वारा मागे जातो. तीस वर्षं ती हेच करत आली होती, यात डोकं खाजवण्यासारखं काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळी ती कपडे बदलायला घरी गेली तेवढ्यात भाच्याने एकट्याने गाडी ट्रेलरवर चढवली आणि फोन केला, “मी निघतो. तू बाबांबरोबर मागून ये.”

बाबा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, दादा. निवृत्त बसड्रायव्हर. दादाच्या गाडीत बसायचं तर संयम लागतो. लाल दिवा लांबून दिसला की त्याचा पाय उचललाच. मग गाडी रांगत रांगत, कुणाची झोप मोडू नये अशी जाऊन थांबते. “हे ब्रेक मारत नाहीत, ब्रेकची मनधरणी करतात,” असं वहिनी म्हणायची आणि घर हसायचं. आत्या तेवढी हसायची नाही. ती पाणी प्यायला उठायची, नाहीतर पदराने चष्मा पुसायची. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तासाभराने मोठ्या रस्त्यावर त्यांनी ट्रेलर गाठला. आत्याच्या मांडीवर हत्यारांचा डबा होता. तिने मान वर केली.

गाडीचे पुढचे दिवे तिच्याकडे बघत होते.

भाच्याने गाडी उलटी चढवली होती. चूक त्याची नव्हतीच. या गाडीचं इंजिन मागे असतं, आणि ट्रेलरवर वजन पुढे नसेल तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. म्हणून गाडीची पाठ पुढे आणि तोंड मागे. शहाण्या माणसाने केलं असतं तेच त्याने केलं होतं. पण त्यामुळे आत्याने चौकटीवर नुसती टेकवलेली मागची कड आता थेट वाऱ्याच्या तोंडी आली होती. इंजिन मागे आहे हे तिला ठाऊक होतं. तीन दिवस ती त्या इंजिनाला टेकून चहा प्यायली होती.

तिने डोळे बारीक केले. कड बोटभर उचलली आणि पुन्हा बसली. पुन्हा उचलली.

“काय बघतेस एवढं?” दादाने विचारलं.

“काही नाही.”

धरेल, तिने स्वतःला सांगितलं. तीन पेच आहेत. एवढं अंतर गेलंच की. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोचल्यावर गुपचूप चिकटपट्टी लावू. इतक्यात एक दुचाकी त्यांना मागे टाकून पुढे गेली आणि वाऱ्याचा आडोसा बघून ट्रेलरच्या मागेच चिकटून चालायला लागली. चालवणारा माणूस, मागे बाई, मध्ये लहान मूल. ती खिडकी सुटली तर सरळ त्यांच्यावर जाणार होती.

आणि तरीही आत्या दोन मिनिटं गप्प बसली. हे सांगायलाच हवं. गप्प बसणं तिला जमत होतं. बावीस वर्षं जमलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी एका बसच्या खिडकीत काच बसवताना जेवणाच्या सुट्टीची शिट्टी झाली होती. काचेभोवतीच्या रबरात एक पट्टी ठोकून बसवायची असते, तेव्हा कुठे रबर काचेला आवळतं. खालच्या कोपऱ्यातली पट्टी राहिली होती. जेवून आल्यावर लावू म्हणून ती गेली आणि परत आली तेव्हा बस जादा फेरीसाठी निघून गेली होती. त्या बसवर ड्रायव्हर होता दादा. चौकात त्याने ब्रेक मारला, काच आत पडली आणि एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताला अकरा टाके पडले. चौकशीत ठरलं की ड्रायव्हरने अचानक जोरात ब्रेक मारला. पक्कीच्या कामावर कोण शंका घेणार? ती महिन्यापूर्वीच नोकरीत कायम झाली होती. राहिलेली पट्टी तिच्याच टेबलावर पडली होती. तिने ती गुंडाळून डब्यात टाकली आणि मूग गिळून बसली. दादाला तीन महिने घरी बसवलं, मग लांबच्या गाड्या काढून घेतल्या. जातिवंत रात्रीचा ड्रायव्हर, पण शेवटपर्यंत शहरातल्या शहरात फिरला. “मारला असेन मी जोरात,” एवढंच तो म्हणाला होता.

ट्रेलरवरची कड चार बोटं उचलली.

“दादा, हॉर्न वाजव.”

“का?”

“वाजव!”

दादाने हॉर्न वाजवला. पुढून भाच्याने खिडकीबाहेर हात काढून हलवला, दोनदा पाँ पाँ केलं आणि खुशीत वेग वाढवला. दुचाकीनेही वाढवला. आत्याने फोन लावला. वाजत राहिला. गाडी ओढताना फोन उचलायचा नाही, उचललास तर तंगडी तोडीन, हे भाच्याला तिनेच बजावलं होतं. कधी नव्हे ते पोराने ऐकलं होतं.

“पुढे काढ, दादा. त्याच्या बरोबरीने घे.”

“अगं, पण झालंय काय?”

“काच सुटतेय.”

“तुझी?” दादा खरोखरच चकित झाला होता.

“माझी. काढ पुढे!”

वर्षानुवर्षं कुणाला मागे न टाकलेल्या दादाने आरशात पाहिलं आणि पाय दाबला. त्या क्षणी तो जुना दादा होता. दुचाकीच्या बाजूने जाताना आत्याने हाताने मागे हो, मागे हो अशी खूण केली. दुचाकीवाल्याने आधी रागाने पाहिलं, मग वर पाहिलं आणि तो एकदम मागे पडला. वरचा पेच निघाला होता. दुसरा तिच्या डोळ्यांदेखत उडाला आणि दादाच्या टपावर टणकन आपटला.

“काच वर कर!” दादा ओरडला.

तिने काच खाली केली. कमरेपर्यंत बाहेर वाकली. हातभर अंतरावर तिची खिडकी थडाथडा आपटत होती. कारखान्यात गाडीखाली माणूस असला की दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरायचे, म्हणजे थांब, गाडी हलवायची नाही. ही खूण तिने भाच्याला लहानपणीच शिकवली होती. तिने हातांची फुली केली आणि डोळे मिटून घेतले.

भाच्याने आरशात बघितलं तर आपली साठीची आत्या वाऱ्यात लोंबकळतेय. त्याने कडेला घेतलं.

ट्रेलर थांबला तेव्हा खिडकी एका पेचावर लटकत होती. दुचाकीवाले बाजूने पुढे निघून गेले. मधल्या लहानग्याने हात हलवला. आत्या ट्रेलरच्या चाकावर टेकली.

“असू दे गं, आत्या,” भाचा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाला. “खड्ड्याने झालं असेल.”

“मघाशी नाक्यावर तू जोरात ब्रेक मारलास का?” दादाने मुलाला विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. “जोरात मारला की काच निघते, राजा. माझ्या हातून झालंय ना ते. एका माणसाचा हात फाटला. म्हणून सांगतो, ब्रेक हळू.”

भाच्याने मान खाली घातली. “मारला असेन मी, बाबा.”

तेच शब्द. आत्याला ते सहन झाले नाहीत.

“नाही मारला त्याने!” ती ओरडली. “गाडी उलटी चढते, कड वाऱ्याकडे येते, हे मला कळायला हवं होतं. चूक माझी आहे.” मग तिचा आवाज बसला. “आणि ती बसचीपण माझीच.”

“कुठली बस?” दादाने विचारलं. त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

“खालच्या कोपऱ्यातली पट्टी मी लावली नव्हती, दादा. राहिली होती. मी कुणाला सांगितलं नाही.”

“पण मी ब्रेक...”

“तू रोजच्यासारखाच मारला होतास.”

दादाने एकदा आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि जाऊन गाडीत बसला. आत्याने आणि भाच्याने सुटलेली खिडकी काढून घेतली, ती जागा जाड कापडाने झाकली आणि दुसऱ्या खिडकीच्या कडेवर रुंद चिकटपट्टीचे तीन थर चढवले. आत्याच्या हातून पट्टी दोनदा वाकडी लागली.

कुठल्या गाडीत बसावं हे तिला कळेना. शेवटी ती दादाच्या गाडीपाशी गेली.

“बस,” तो समोर बघत म्हणाला. “पट्टा लाव.”

तासभर ती माफी मागायला तोंड उघडायची आणि मिटायची. मग लांबवर लाल दिवा दिसला. दादाने पाय उचलला नाही. दिवा जवळ येत गेला. आत्याने डबा घट्ट धरला. “दादा,” ती म्हणाली, “दादा, दिवा...”

त्याने कचकन ब्रेक मारला. डबा तिच्या मांडीवरून सटकला, पेच आणि पान्हे पायाशी सांडले. गाडी रेषेवर थांबली.

दादाने आपल्या बाजूची काच पाहिली, तिच्या बाजूची पाहिली, मान वळवून मागची पाहिली.

“एकही पडली नाही,” तो म्हणाला.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बावीस वर्षं गं,” तो म्हणाला. “बावीस वर्षं.”