निरगुडीचे बाण

गुडघा शेकायला निरगुडीचा पाला उकळला आणि त्या उग्र वासानं गिरणा नदीकाठचं लहानपण आठवलं.

शेजारच्या नानांनी आमच्या मोत्या कुत्र्याला विष घातलं होतं. दुसऱ्या दिवशी थोरली अक्का मला घेऊन निरगुडीचे फोक तोडायला गेली. "सरळ शे तोच तोड," ती म्हणाली. विस्तवावर शेकून तिनं ते आणखी सरळ केले, टोकांना बाभळीचे काटे बांधले. संध्याकाळी नानांच्या कापणीला आलेल्या केळीच्या घडांवर तिनं बाण सोडले. चीक ओघळून केळी काळी पडली. व्यापारी घड तसेच टाकून गेला.

नाना दारात येऊन ओरडले. अक्का धनुष्य घेऊनच पुढे झाली. "बाण मीच मारात. आमना मोत्याले जहर कोनी दिधं?"

नाना दारातूनच मागे फिरले.

तेव्हा मी घाबरले होते. आता वाटतं, अक्कानं नेम केळीवर धरला, हे नानांचं नशीब.