अकरा नंबरच्या खाटेची खूण

माणसाला मूळ गाव एकच असतं. आजोबांना पाच होती. मुलाचं नाव शाळेत घालताना एक सांगितलं, शिरगणतीवाल्याला दुसरं, सासऱ्यांना तिसरं. उरलेली दोन कुणाला सांगितली ते आठवायला आता कुणी शिल्लक नाही. पाचही गावांत चौकशी झाली, आणि एकाही गावाने ते नाव ऐकलेलं नव्हतं. मुलाने, म्हणजे अण्णांनी, लहानपणी एकदाच विचारलं होतं, "बाबा, आपण मूळचे कुठले?" उत्तरादाखल कानाखाली बसली. बापाने उभ्या आयुष्यात हात उगारला तो तेवढाच.

आता अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. डॉक्टरांनी हातचं राखून सांगितलं तरी घरच्यांना समजायचं ते समजलं. अण्णांना मरणाची भीती नव्हती, पण डोक्याला एकच भुंगा लागला होता. "माझा बाप खून करून पळाला होता का गं? काही का असेना, जाण्याआधी मला कळू दे." हे ते लेकीला सांगत. आजोबांनी काढलेली लाँड्री आता तीच चालवायची. गल्लीत तिला कडकताई म्हणत, कारण तिची खळ कडक आणि जीभ त्याहून. अण्णांपुढे मात्र तिची खळ उतरायची.

आजोबांनी मागे खुणांची वही तेवढी ठेवली होती. लाँड्रीत प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण असते, कपड्याच्या कोपऱ्यात दोऱ्याने घातलेली; नाहीतर एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर जायचा. ही वही कडकताईने आजवर फक्त जुन्या खुणा शोधण्यापुरती उघडली होती. आता तिने ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि गावाबाहेरच्या इस्पितळाच्या पानावर ती अडखळली. इस्पितळाचे कपडे गठ्ठ्याने येतात, गठ्ठ्याने जातात. सगळ्यांना मिळून खूण एकच. ती पानावर होतीच, पण तिच्याखाली आजोबांच्या अक्षरात आणखी एक होती: खाट अकरा, तीन टाके उभे, एक आडवा.

"चादरी सगळ्या सारख्याच. मग एकाच खाटेला वेगळी खूण घालायचा उद्योग कशाला?" ती स्वतःशीच म्हणाली. धुलाईतलं ओ की ठो न कळणाऱ्याने ते पान सरळ उलटलं असतं. तिने भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि निघाली.

इस्पितळ कुष्ठरोग्यांचं. आता तिथे पाच-सहा म्हातारे रोगी उरलेत, आणि मागच्या खोलीत एक निवृत्त सिस्टर, जिला दुसरं घर नाही. अकरा नंबर म्हटल्याबरोबर तिने चष्मा काढला.

"सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती म्हणे. माझ्या कितीतरी आधीची गोष्ट. मुलगा निरोगी होता, म्हणून त्याला अनाथाश्रमात पाठवलं. नाव बदललं, आईचं नाव कागदावरून उडवलं. तेव्हा तसंच करायचे हो. रोग्याचं पोर म्हटल्यावर त्याला काम कोण देणार, मुलगी कोण देणार? जाताना इतर पोरांच्यात सदरा हरवू नये म्हणून तिने त्याच्या कॉलरला खूण घातली. तीन टाके उभे, एक आडवा."

कडकताईने पिशवीतून वही काढली आणि ते पान सिस्टरपुढे धरलं.

"पुढे तीसेक वर्षांनी तीच खूण तिच्या चादरीवर यायला लागली. मी कामाला लागले तेव्हाही येत होती. बोटं बधिर तिची, म्हणून कोपरा ओठांना लावून बघायची. म्हणायची, माझ्या मुलाने धुतलीय. मी तिच्या तोंडावर हसले होते, देव मला क्षमा करो. धुलाईवाला फाटकापर्यंतच यायचा. 'अकरा नंबर कशी आहे?' एवढं विचारायचा आणि जायचा."

"मग?"

"मग लाँड्री बदलली. नव्या चादरींवर ती खूण कुठली? ही रोज चारी कोपरे ओठांना लावायची. दोन वर्षं. शेवटी म्हणाली, माझा मुलगा गेला. आठवडाभर रडली, आणि मग तिनेही फार दिवस काढले नाहीत."

तिचा मुलगा, म्हणजे आजोबा, त्यानंतर तेरा वर्षं जगले. आणि लाँड्री काही आपोआप बदलली नव्हती. पंचविशीत दुकान हाती आल्या आल्या अण्णांनी तो गठ्ठा बंद केला होता. 'त्यांचे कपडे आमच्या कपड्यांबरोबर?' म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरत होती. वेगळ्या हंड्यात उकळले तरी लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? अण्णांचं लग्नही ठरत होतं. आजोबा नुसते "बरं" म्हणाले. गठ्ठ्याशिवाय फाटकापाशी जायचं, तर लोकांना काय सांगणार होते? अण्णा मात्र हा किस्सा आजवर अभिमानाने सांगत आले होते, तिथून दुकान वर आलं म्हणून.

परतताना कडकताईने वाटभर एकच वाक्य घोकलं: गठ्ठा बंद व्हायच्या आधीच ती गेली होती.

चादरीवरच्या खुणेपर्यंतची हकिकत ऐकून अण्णा उठून बसले. "खुनी नव्हता माझा बाप! आणि मला आजी होती, आपल्या गावातच!" ते हसत होते, डोळे पुसत होते. मग एकदम थांबले.

"मी गठ्ठे बंद केले तेव्हा होती का गं ती?"

वाक्य जिभेवर तयार होतं. कडकताईने नजर दुसरीकडे वळवली, आणि बापाला तेवढं पुरलं. त्यांनी एकेक करून सगळं विचारून घेतलं. तिने सगळं सांगितलं, ओठांना लावलेल्या कोपऱ्यांसकट.

"एक शब्द बोलायचा होता बाबांनी," अण्णा म्हणाले. "डोक्यावर वाहून नेला असता मी तो गठ्ठा."

ती त्यांचे पाय चेपत राहिली. मग त्यांनी विचारलं, "ती ओठांनी कोपरे चाचपत होती, हे बाबांना कधी कळलं असेल का?"

"नाही, अण्णा. कोण सांगणार होतं?"

"मग बरं झालं," अण्णा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागले.