डॉक्टर सोडत नाहीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, नाशकात नोकरी लागली, आणि चांदवडकडच्या आमच्या गावातलं कुणीही आजारी पडलं की दवाखान्यात पुढे मीच. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? धाकटा भाऊ तर पारावर सांगायचा, "आमची आक्का डागदरलाच चार गोष्टी शिकवती."

त्याच्या पोरीला, आरूला, रक्ताचा कॅन्सर निघाला. मी गावात सगळ्यांसमोर म्हणाले, नाशकाला आणा, बरी करून पाठवते. पाठवते — जशी काही मीच डॉक्टर.

आधी उतार पडला. मग आजार उलटला.

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात शिकलेलं कोण?" भावानं मला पुढे केलं आणि स्वतः बाहेर थांबला. डॉक्टर म्हणाले, आता औषधानं गुण येणार नाही. आयसीयूत ठेवून थोडे दिवस ओढता येतील, नाहीतर घरी न्या, दुखू नये एवढं औषध देतो. आई-बापाला विचारा, ते म्हणतील तसं करू.

विचारा — एवढंच काम होतं माझं.

बाहेर भावजय उभी होती. "आक्का, पोरगी घरी चला म्हणती. शेळी व्याली ना, पिल्लू बघायचंय तिला. दोन दिस सोडतील का?"

मी म्हणाले, "डॉक्टर सोडत नाहीत."

आणि आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, आई-वडील ठेवा म्हणतात.

का? आशा होती म्हणून? नाही. बरी करून पाठवते म्हणणारीनं पोरीला तशीच परत कशी न्यायची? मला गावात तोंड दाखवायचं होतं. एवढंच.

भावजयीनं पुन्हा विचारलं नाही — शिकलेल्या माणसाला कोण पुन्हा विचारतं? आरू आयसीयूत गेली. तिथंच जीव गेला तिचा, तेव्हा तिची आई बाहेर बाकावर होती. आत घेत नव्हते.

भाऊ अजून त्या डॉक्टरांना शिव्या घालतो. "दोन दिस सोडलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?" मग माझ्याकडे वळून म्हणतो, "तू लय केलंस, आक्का."

भावजय चुलीपुढून उठते. माझ्या ताटात गरम भाकरी वाढते.

मी खाते.