टिन केटलचा डावा पाय

माझं नाव रेग पॅस्को. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉर्नाम्बूल गावात मला सगळे 'ज्योतिषी' म्हणतात, आणि कौतुकाने मुळीच नाही. मी ज्या घोड्याला जिंकणार म्हणतो तो हमखास मागे पडतो. पबमध्ये लोक मुद्दाम मला बिअर पाजतात, माझं मत काढून घेतात आणि दुसऱ्याच घोड्यावर पैसे लावतात. चाळीस वर्षं मोतद्दारी केली, पण घोड्यातलं मला कळतं काय? रोज किती लीद टाकतो, तेवढं बिनचूक सांगेन.

टिन केटल हा घोडा दोन वर्षांचा असताना आमच्या तबेल्यात आला. ट्रेनर व्हेरा किर्वनबाईंना मी छातीठोकपणे सांगितलं, "बाई, परत पाठवा हे ध्यान. गुडघे बघा त्याचे! दुधाची गाडीसुद्धा ओढणार नाही हा."

"असं म्हणतोस? मग ठेवतेच," बाई म्हणाल्या.

पहिल्या शर्यतीत तो शेवटून दुसरा आला. मी आठवडाभर मिशीला पीळ देत फिरलो. आणि मग तो जो सुटला! ओळीने नऊ शर्यती मारल्या. कोरड्या मैदानावर मारल्या, चिखलात मारल्या, पाठीवर सगळ्यांत जास्त वजन घेऊन मारल्या. सात वर्षांचा होईतो एकवीस झाल्या, आणि त्या एकवीसही वेळा मी आदल्या दिवशी मान हलवून म्हणालो होतो, "उद्याचं काही खरं नाही." पेपरात त्याचे फोटो यायचे. लगाम धरलेला हात माझाच असायचा, डोकं मात्र कापलेलं. कापणाऱ्याचंही बरोबरच होतं म्हणा.

राहिला होता फक्त कप, नोव्हेंबरात मेलबर्नला होतो तो, देशातली सगळ्यांत मोठी शर्यत. केटल खच्ची केलेला, त्यामुळे पुढे पैदाशीला ठेवण्याचा प्रश्न नव्हता. जे काही नाव कमवायचं ते पळूनच. बाईंनी चार वेळा त्या कपात घोडे उतरवले होते आणि चारही वेळा हात हलवत परत आल्या होत्या.

रोज सकाळी मी त्याला समुद्रात घेऊन उभा राहायचो. खारं पाणी घोड्याच्या पायांना चांगलं. माणसाच्या हातांचं कोण विचारतो? तीस हिवाळ्यांत माझी बोटं इतकी बधिर झाली की चहा गरम आहे की गार, ते तोंड भाजल्यावर कळतं. म्हणून घोड्याचा पाय तापलाय का हे बघायला मी खाली बसून त्याला गाल लावतो. तबेल्यातले ओरडायचे, "ज्योतिषी, लग्नाची तारीख काढली का रे?"

कपच्या दिवशी सकाळी मेलबर्नला मी असाच बसलो. पुढच्या डाव्या पायाला गाल लावला आणि थबकलो. उजव्याला लावला. परत डाव्याला. नुकतंच कोणी उठून गेलेल्या उशीला असते तेवढी ऊब होती. अशी ऊब म्हणजे आतली शीर दुखावल्याची खूण. भरधाव पळताना पायामागची ती शीर तुटली तर घोडा तिथेच कोसळतो. मग मैदानावर हिरवा पडदा लावतात, आणि पडद्यामागून घोडा चालत येत नाही.

मी बाईंना सांगितलं. डॉक्टरांनी पाय दाबला, घोड्याला चालवलं, दुडक्या चालीने पळवलं. म्हणाले, "नवाकोरा पाय आहे."

आमचा जॉकी केल ड्वायर खो खो हसला. "ज्योतिषी म्हणतो पाय खराब? मग लोखंडाचा असणार! चला, कप आपला!"

नाव मागे घ्यायची मुदत साडेसातपर्यंत होती. सात वीस झाले होते. बाईंनी स्वतः पायावरून हात फिरवला.

"माझ्या हाताला तर काही लागत नाही. रेग, नक्की?"

आयुष्यभर मी कधी 'नक्की'च्या खाली बोललो नव्हतो. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघेना.

"नक्की नाही, बाई," मी म्हणालो. "पण मला भीती वाटतेय."

"वीस वर्षांत पहिल्यांदा तू 'नक्की नाही' म्हणालास," बाई म्हणाल्या, आणि तडक ऑफिसात जाऊन केटलचं नाव काढून आल्या. केलने टोपी जमिनीवर आपटली.

कप कोणी जिंकावा? ज्याला केटलने तीनदा धूळ चारली होती त्या घोड्याने, तेही रमतगमत. लोकांनी मला जे काही म्हटलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. त्याच रात्री आम्ही केटलला ट्रकमधून घरी आणलं.

आता जे सांगतो त्याची मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मी तबेल्याकडे निघालो, आणि वाटभर एकच घोकत होतो, देवा, सूज येऊ दे. फार नको, अंड्याएवढी, माझं खरं ठरण्यापुरती. ज्याला पाच वर्षं हाताने भरवलं, त्याच्यासाठी हे मागणं!

बाई आधीच तिथे होत्या. झोपायच्या कपड्यांवर गमबूट चढवून, गवतात उकिडव्या बसून त्याचा डावा पाय चाचपत होत्या.

"गार आहे," त्या मागे न बघता म्हणाल्या. कोणी गेल्याचं सांगावं असा आवाज.

मी शेजारी बसलो, गाल लावला. दगडासारखा गार. सूज नाही, काही नाही. खरंच काही होतं की नव्हतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. आमच्या डोक्यावर केटल कराकरा गवत चावत होता.

"सुजलेला असावा म्हणून आले होते मी, रेग," बाई म्हणाल्या.

"मी पण," मी म्हणालो.

मग आम्ही दोघं खालीच बघत बसलो. मान वर करायची तर तिथे तो होता.