सात पाणी देवरी

मुलांनो,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, लंडनहून दिल्ली नऊ तास! बसून बसून पाय आखडले." मी हसले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मला आमच्या गोंदियाच्या घरचा गाडीवान झिबलकाका आठवला. त्याला ओळखणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

झिबलकाका अंतर मैलांत सांगत नसे. वाटेत बैलांना जितक्यांदा पाणी पाजावे लागे, तितके अंतर. जवळचे नागरा गाव अर्धे पाणी. देवरी सात पाणी, म्हणजे पुरते दोन दिवस. वडील घड्याळ लावून बघत. काका कधी चुकला नाही. वर त्यांनाच सुनावी, "घड्याळाले तहान लागत नाही, मालक. त्याले काय समजते?"

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बिरसीला विमानतळ बांधत होते. काका तिथे गाडीने मुरूम टाकी. एकदा मीही सोबत गेले. शाळेत इंग्रजी शिकत असल्याचा मला फार तोरा होता. काकाने एका गोऱ्या साहेबाकडे बोट दाखवले. "विचार बाई, याचं गाव किती पानी हाय?"

साहेब म्हणाला, साडेचार हजार मैल. विमानाने उतरत, तेल भरत दोन दिवस.

काका चाकाला धरून खालीच बसला. "देवरी दोन दिवस अन् विलायत बी दोनच दिवस? बराबर सांगून राहिली ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटले.

त्याच उन्हाळ्यात देवरीहून निरोप आला. काकाची लेक सखू बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पण सखूचा ताप उतरत नव्हता आणि तिने बापाचा ध्यास घेतला होता. काकाने गाडी जुंपली, मला वर बसवले आणि बैल बिरसीकडे हाकले.

"इकडे काऊन, काका?"

"विलायत दोन दिवस, त देवरी किती? एक बिडी ओढून होत नाही. तू फक्त सायबाले सांग."

मी सांगितले. साहेबाने टोपी काढली. देवरीला विमान उतरायला सपाट जागाच नाही, तो म्हणाला.

"त्याले सांग, मुरूम मी टाकून देतो."

ते वाक्य मला इंग्रजीत करता आले नाही.

बिरसीला जाऊन येण्यात दोन पाणी गेले. मला घरी सोडून काका तसाच देवरीला निघाला. आठवड्याने परतला, तेव्हा बैल सोडता सोडता एवढेच म्हणाला, "एक पानी उशीर झाला, बाई."

मी ओसरीवर उभी होते. माझे उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तराने असे होऊ शकते, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

काका मला त्यावरून कधी बोलला नाही. पण पुढे कोणी अंतर विचारले की म्हणे, "निघ. पोचशील तवा पोचशील."

सखूची मुलगी जगली. ती देवरीला असते, तिला नातवंडे आहेत. बिरसीची धावपट्टीही अजून आहे.