एर्सिलियाचा उसना आवाज

रोममधल्या आमच्या डबिंगच्या खोलीत एर्सिलियाने उभं आयुष्य दुसऱ्या बायकांच्या तोंडी आपला आवाज घालण्यात काढलं. सगळे स्वस्तातले भुताचे सिनेमे. शूटिंगला आवाज घेतच नसत, म्हणून संवाद पाठ नसले की नट्या कॅमेऱ्यासमोर खुशाल आकडे म्हणायच्या. शब्द मागाहून एर्सिलिया भरायची.

त्या दिवशी पडद्यावर किल्ल्यातली झपाटलेली काउंटेस होती. इडापिडा टळावी म्हणून एर्सिलियाने नेहमीसारखा खुर्चीच्या लोखंडाला हात लावला आणि ती एकदम थबकली.

"रेमो, ही आकडे म्हणत नाहीये. माझं नाव घेतेय."

"अगं, कॉफी कमी पीत जा!" मी खेकसलो. "जेवायची वेळ टळून गेली. ओरड एकदाची आणि मोकळी हो."

ती ओरडली. तसली किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती. दृश्य संपलं, पडदा पांढरा झाला, मी दिवे लावले.

एर्सिलिया माइकसमोर तशीच उभी होती. तिचे ओठ भराभर हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

मी जवळ जाऊन ओठांकडे निरखून पाहिलं.

ती आकडे म्हणत होती.